लेकीच्या वाटचं चालणं

आमच्या सास्तूरच्या बानूबाईला घड्याळ वाचता येत नाही, पण लेकीच्या घड्याळाचा धाक तिला सासूपेक्षा जास्त. ज्ञानेश्वरी पोलीस भरतीची तयारी करते. मनगटावरचं ते घड्याळ तिची झोप, धावणं, छातीचे ठोके सगळं टिपतं आणि मैदानी चाचणीत ती पास होण्याची शक्यता किती, ते रोज सकाळी मोबाइलवर सांगतं. मला हे थोतांड वाटायचं. मी शेजारी राहतो, जीप चालवतो. नशीब मनगटावर मोजणारी पोरं बघून डोकंच फिरतं माझं. पण आकडा चढत होता, आणि पोरीचा चेहरा खुलत होता.

चाचणी आठवड्यावर आली आणि मोबाइलनं भलतंच सांगितलं. ठोके अनियमित आहेत, ताबडतोब डॉक्टरांना दाखवा! मायलेकींना जीपमध्ये घालून मी उमरग्याला नेलं. रस्ताभर ज्ञानेश्वरी रडत होती, "आता कशाची भरती, काका?"

डॉक्टरांनी तिचा ईसीजी काढला. "हिचं हृदय ठणठणीत आहे. घड्याळ आणखी कुणी घालतं का?"

"न्हाय," ज्ञानेश्वरी म्हणाली. "लोहाऱ्याला अभ्यासिकेत घालू देत न्हाईत. दिवसभर घरीच असतंय."

"घरी कुठं? माझ्या हातात असतंय की," बानूबाई म्हणाली.

"तुमच्या हातात?" डॉक्टरांनी विचारलं.

"रिकामं कशाला ठिवायचं? शेरडामागं हिंडताना घालते. दहावीला हिच्या वाटचे सोमवार म्याच धरले होते न्हवं? तसं हिच्या वाटचं चालते."

मला हसूच फुटलं. एवढं हुशार यंत्र, आणि मायलेकींतला फरक कळेना! डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी बानूबाईला टेबलावर झोपायला सांगितलं. तिचाही ईसीजी काढला.

बिघडलेले ठोके तिचेच होते. आजच सोलापूरला न्या, डॉक्टर म्हणाले, उद्यावर टाकू नका.

"आये, तुला काई होत नव्हतं का गं?" ज्ञानेश्वरीनं विचारलं.

"चढाला दम लागायचा लई. म्हनलं, तुझी परीक्षा होऊ दे आधी."

पोरीनं आईचा हात हातात घेतला. रोज सकाळी तिनं तो एकच आकडा पाहिला होता. आईकडं पाहिलं नव्हतं. बानूबाईनं पदर सावरला आणि डॉक्टरांना हळूच विचारलं, "साहेब, म्या दवाखान्यात पडले तर हिचं चालणं कमी भरंल का हो?"

मला तिथं थांबवेना. मी जीप काढायला पळालो.