हाफपँटीतलं लुगडं

देवळाली कॅम्पात नोकरीला होतो तेव्हा मी नाशिकहून सायकलने ये-जा करायचो. दुसऱ्या लढाईच्या आधीची गोष्ट. धोतराचा कासोटा आणि सीटचं कातडं यांच्यामध्ये माझे असे हाल व्हायचे की अर्धा रस्ता मी पायडलवर उभं राहूनच काढायचो.

त्याच रस्त्यावर रोज सायखेड्याचा एक अंडीवाला भेटायचा. सायकलच्या मागे भुसा भरलेली पाटी, अंगात खाकी हाफपँट आणि तिच्या बैठकीला आतून काहीतरी जाड शिवलेलं. तो उतरला की मागचा फुगवटा दिसायचा आणि लोक हसायचे. त्याला त्याचं काही नव्हतं. चढण्याआधी तो दोन्ही हातांनी पँट नीट सारखी करायचा, मगच टांग टाकायचा, जणू पाटावर जेवायलाच बसतोय.

एकदा कडुनिंबाखाली दोघेही विसावलो, तेव्हा न राहवून मी विचारलं.

"अंडी भुशात अन् मी गोधडीत!" तो हसला. "आईच्या लुगड्याची हाय. आई गेली, मग त्या गोधडीतलाच तुकडा लावला."

मला कसंसंच झालं. "अहो, आईच्या लुगड्यावर बसता?"

पाटीची दोरी आवळत त्याने माझ्याकडे पाहिलं. "मांडीवर बसायचो, तवा तिनं कधी नाय म्हटलं नाय."

पुढे माझी आई गेली. तिचं लुगडं मी डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत जपून ठेवलं. ते अजून तिथेच आहे. त्याची आई मात्र रोज त्याच्याबरोबर सायखेड्याहून कॅम्पापर्यंत यायची.