एका गोलनं हरायचं

गटांचा फळा मैदानाच्या फाटकाजवळ टांगलेला होता. धनंजय खोत त्याच्यासमोर इतका वेळ खिळून उभा राहिला की शेवटी सिक्युरिटीवाल्यानं विचारलं, "सर, कोई प्रॉब्लेम?"

"नहीं भाई. हिसाब कर रहा हूँ."

प्रॉब्लेम होताच. शाळांची मुलींची फुटबॉल स्पर्धा, सतरा वर्षांखालची. आठ शाळा, दोन गट. गेल्या वर्षीचा विजेता एका गटात सगळ्यात वर, उपविजेता दुसऱ्या गटात सगळ्यात वर, बाकीच्या शाळा चिठ्ठ्या टाकून. म्हणजे दोन तगड्या टीम शक्यतो फायनललाच भिडाव्यात, आधीच एकमेकींना संपवू नयेत. पुढे प्रत्येक गटातल्या पहिल्या दोन टीम सेमीफायनलला, आणि जो गटात पहिला त्याची गाठ समोरच्या गटातल्या दुसऱ्याशी. पहिलं येण्याचं बक्षीस हेच, की पुढे सोपा गडी मिळतो.

पण समोरच्या गटात उलटंच झालं होतं. गेल्या वर्षीची विजेती शाळा, शारजाची, तिच्या दोन मुख्य मुली परीक्षेमुळे आल्या नव्हत्या. एक सामना जिंकला, एक बरोबरीत सुटला, एक गेला, आणि गट संपला तेव्हा ती टीम दुसऱ्या नंबरवर घसरली होती. त्या दोघी आता परत आल्या होत्या. धनंजयनं सकाळी त्यांना सराव करताना पाहिलं होतं. गेल्या वर्षी याच मुलींनी धनंजयच्या टीमला अर्धा डझन गोल घातले होते.

आता धनंजयची टीम गटात पहिली आली, तर सेमीफायनलला थेट त्यांच्यासमोर. दुसरी आली, तर समोर त्या गटात अचानक पहिली आलेली एक साधी, धडपडी टीम. तिला या मुली हरवू शकत होत्या.

आणि फायनल गाठणं भाग होतं. महिन्याभरापूर्वी प्रिन्सिपल मॅडमनी त्याला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला होता. "धनंजय सर, पालक विचारतात, मुलींच्या फुटबॉलचा रिझल्ट काय? फायनलपर्यंत जा. नाहीतर पुढच्या वर्षी संध्याकाळचं ग्राउंड मला क्रिकेट अकॅडमीला द्यावं लागेल." म्हणजे टीम बंद. हे त्यानं मुलींना सांगितलं नव्हतं. पोरींच्या डोक्यावर कशाला ओझं, असा त्याचा विचार.

धनंजय मूळचा कुडाळकडचा. दुबईत आला तो अ‍ॅल्युमिनियम फिटर म्हणून. इन्व्हेस्टमेंट्स पार्क या औद्योगिक भागातल्या फॅक्टरीत चौकटी बनवायच्या आणि साइटवर जाऊन उंच इमारतींना काचा बसवायच्या. सुट्टीच्या दिवशी कामगारांच्या कॅम्पच्या मागच्या रेताड जागेत मल्याळी पोरांबरोबर फुटबॉल. पाय चांगले होते, डोकं त्याहून बरं. ओव्हरटाइम सोडून संध्याकाळी कोचिंगचा कोर्स केला, तेव्हा रूमवरचे हसले. दुबईतल्याच अल कुसैस भागातल्या शाळेनं त्याला आधी मैदानावरचा मदतनीस म्हणून घेतलं, मग मुलींची टीम दिली, कारण ती दुसऱ्या कुणाला नको होती.

साइटवर त्याचा एक शब्द प्रसिद्ध होता, आणि तो दुसऱ्यांचा होता: 'चालतंय'. कुणी चालतंय म्हटलं की धनंजय तो बोल्ट काढून पुन्हा बसवायला लावायचा. मैदानातही तेच. पास दोन बोटं मागे पडला तरी पुन्हा. मुली वैतागायच्या, पण करायच्या. सुरुवातीला कागदावरच अकरा असलेली ती टीम आता गटात दोन्ही सामने जिंकून बसली होती.

आणि तिसरा सामना अर्ध्या तासावर असताना हाच माणूस फळ्यासमोर उभा राहून कसं हरायचं याचा हिशेब करत होता.

हिशेब अवघड नव्हता. जिंकलो किंवा बरोबरी झाली, तर पहिले. हरलो, तर गटातल्या तीन टीमचे गुण सारखे होणार आणि मग गोलांचा फरक बघणार. एका गोलनं हरलो तर दुसरे. दोन गोलनं हरलो तर आपले सगळे सामने आधीच संपवून बसलेल्या तिसऱ्या टीमचा आणि आपला फरकही सारखा. तिथं पिवळी कार्डं मोजतात. आपल्याला दोन मिळालेली, त्यांना एकही नाही. म्हणजे आपण तिसरे, म्हणजे घरी.

एका गोलनं. कमी नको, जास्त नको.

त्यानं मुलींना बसच्या सावलीत गोळा केलं. टीममध्ये सगळीकडच्या मुली, म्हणून बोलणं हिंदीत. "सुनो. आज एक गोल से हारना है."

आधी एक-दोघी हसल्या. मग त्याचं तोंड बघून गप्प झाल्या.

यम्ना गोलकीपर. आठवड्याचे सगळे दिवस त्यानं तिला वाळूत सूर मारायला लावलेले. तिनं हळूच विचारलं, "सर, मैं बॉल छोड़ दूँ?"

"एक. बस एक. बाद में हमेशा की तरह."

कॅप्टन अस्मी नाईक. तिचे आईवडील वेंगुर्ल्याचे, पण ही जन्मली-वाढली इथंच. तिच्याशी तो मराठीत बोलायचा आणि ती इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची. दोघांनाही त्यात वावगं वाटत नसे.

"अस्मी, तू आज बाहेर बस."

"व्हाय मी?"

"तुला हळू खेळता येत नाही."

"दॅट्स बिकॉज यू टॉट मी, सर." तिनं हातावरची कॅप्टनची पट्टी काढली आणि त्याच्या हातात न देता बेंचवर टाकली.

सामना सुरू झाला. समोरची टीम पिवळ्या शर्टांची. त्यांना जिंकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. हरल्या किंवा बरोबरी झाली तर त्यांची स्पर्धा तिथंच संपणार. त्या पहिल्या शिटीपासून जीव तोडून पळत होत्या. धनंजयच्या मुली त्यांच्या मागून, थोड्या अंतरानं.

पहिला गोल मध्यंतराच्या आधीच झाला. फटका फार जोराचा नव्हता. यम्नाच्या हाताच्या टप्प्यातला होता. ती उभी राहिली आणि चेंडू जाताना बघत राहिली. मग वळली आणि जाळीतून चेंडू काढताना तिनं धनंजयकडे पाहिलं नाही.

झालं. हवं तेवढं झालं. मध्यंतरात तो म्हणाला, "शाबास. अब टाइट. अब कुछ नहीं देना."

लायबा, मधल्या फळीतली बडबडी पोर, बाटलीचं झाकण उघडत-लावत बसली होती.

दुसऱ्या हाफमध्ये त्याला कळलं की आपण काय करून बसलो. चौकटीतला एकच बोल्ट सैल करता येत नाही. तो सैल केला की काच सगळीकडून हलायला लागते. मुलींना त्यानं एक चेंडू सोडायला सांगितला होता, पण कुठला चेंडू आपला आणि कुठला सोडायचा, हे आता त्यांच्या पायांना कळेना. लायबा पास मागायची आणि तो आला की दचकायची. मागच्या फळीतली पोरगी शेजारणीकडे बघायची, तू जातेस की मी? पिवळ्या टीमला वास लागला. कॉर्नरवर कॉर्नर.

"दौडो! यल्ला, दौडो!" धनंजय रेषेवर ओरडत होता. स्वतःचा आवाज त्याला खोटा वाटायला लागला.

एक कॉर्नर आला. चार जणी उभ्या होत्या आणि चौघींनाही वाटलं, दुसरी घेईल. पिवळ्या शर्टातल्या ठेंगण्या मुलीनं नुसतं डोकं लावलं.

शून्य-दोन. घरी.

पिवळ्या मुली एकमेकींच्या अंगावर पडून किंचाळत होत्या. मॅडमची केबिन, तो चहा, ते ग्राउंड. हरायचा हिशेब बरोबर होता, पण तो ज्यांच्या पायांनी करायचा त्यांना त्यानं धरलंच नव्हतं.

"अस्मी, ऊठ. आत जा."

अस्मी उठली नाही. बुटाची नाडी सुटलेली होती, तिच्याकडे बघत म्हणाली, "हाउ मेनी डू यू वॉन्ट नाऊ, सर?"

चौथा पंच बदलीची पाटी घेऊन थांबला होता. "कोच, क्विक प्लीज."

धनंजय तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. "ऐक. फायनल झाली नाही तर पुढच्या वर्षी ही टीम नाही. मॅडमनी सांगितलंय. बंद."

अस्मीनं मान वर केली. "सिन्स व्हेन?"

"महिना झाला."

"अँड यू डिडन्ट टेल अस?" तिचा आवाज चिरकला. "सर, इट्स अवर टीम!"

"चूक झाली. आता खेळ."

"हरायला की जिंकायला?" हे ती मराठीत म्हणाली. टोचावं म्हणूनच.

तिनं नाडी करकचून बांधली, बेंचवरची पट्टी उचलली आणि आत पळाली. पळता पळता लायबाला काहीतरी सांगितलं. लायबानं पुढचीला. त्याला बाहेरून नुसती तोंडं हलताना दिसली. यम्नानं दोन्ही हातमोजे एकमेकांवर आपटले.

मग मैदानातली माणसंच बदलली. पाय जड होते, श्वास फुलले होते, पण कोण जाणार हा प्रश्न संपला. चेंडू कुणाचाही असो, दोघी जायच्या. फ्री किक मिळाली. अस्मीनं ती घेतली, समोर उभ्या मुलींच्या भिंतीवरून, जमिनीवर टप्पा पडून आत.

एक-दोन.

बेंचवरची एक पोरगी टुणकन उठली. "सर, परफेक्ट! वन गोल! टेल देम टू होल्ड!"

बरोबर होतं. हिशेबात हवा होता तोच आकडा. आता मागं राहायचं, चेंडू बाहेर मारायचा, वेळ काढायचा. दुसरा नंबर, सोपी सेमीफायनल. पुढे गेलं तर मागं मोकळं रान, आणि एक गोल खाल्ला की सगळं संपलं. अस्मी जाळीतला चेंडू काखेत घेऊन मधल्या वर्तुळाकडे येत होती. ती त्याच्याकडे बघत होती.

धनंजयनं हात वर केला. तळवा खाली करायचा, थांबा म्हणायचं, एवढंच उरलं होतं. हात तसाच हवेत राहिला. थांबा म्हणायला तोंड उघडलं आणि शब्द आला नाही. मघाशी याच तोंडानं सोडा म्हटलं होतं.

अस्मीनं क्षणभर वाट पाहिली. मग चेंडू वर्तुळात ठेवला आणि त्याच्याकडे पाठ केली.

शेवटची मिनिटं त्यानं उभ्यानं काढली, पण धड पाहिली नाहीत. मुली सगळ्या पुढे गेल्या. व्हायचं तेच झालं: एक लांब चेंडू डोक्यावरून गेला आणि पिवळ्या टीमची तीच ठेंगणी मुलगी एकटी सुटली, समोर फक्त यम्ना. धनंजयनं डोळे मिटले नाहीत, एवढंच. मुलीनं कोपरा बघून मारला. यम्ना आडवी गेली, पूर्ण लांब, खांबापर्यंत. चेंडू बोटांना लागून खांबावर आदळला आणि परत तिच्याच छातीशी आला. ती पडली तशीच उठली आणि चेंडू फेकला. अस्मीकडे, अस्मीकडून लायबाकडे. लायबानं या वेळी कुणाकडे बघितलं नाही.

दोन-दोन. शिटी.

मुली गवतावर कोसळल्या. पिवळ्या मुलीही कोसळल्या, पण त्या रडत होत्या. त्यांच्यातल्या एकीनंही पहिल्यापासून शेवटपर्यंत पाऊल मागं घेतलं नव्हतं आणि त्या बाहेर पडल्या होत्या. त्यांचा कोच हात मिळवायला आला. "पहले क्या हो गया था तुम्हारी लड़कियों को?"

"लड़कियों को नहीं," धनंजय म्हणाला. "मुझे हुआ था."

दुसऱ्या दिवशी सेमीफायनल. शारजाची टीम, पूर्ण ताकदीची. शारजाच्या मुली चांगल्याच खेळल्या, त्यात वाद नाही. पण अर्धा डझन गोल काही झाले नाहीत. मध्यंतराला शून्य-शून्य. त्यांचे कोच अबरार, पेशावरचे, एरवी खुर्चीतून न हलणारे, दुसऱ्या हाफमध्ये रेषेवर उभे राहून घाम पुसत होते. शेवट जवळ आला असताना त्यांच्या त्या परत आलेल्या मुलींपैकी एकीनं लांबून मारला आणि यम्नाच्या बोटांना चाटून चेंडू आत गेला. एक-शून्य.

खलास. फायनल नाही.

धनंजयनं तिथूनच प्रिन्सिपल मॅडमना फोन लावला. हरलो म्हणाला, कसे खेळलो तेही सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "धनंजय सर, आय अ‍ॅम सॉरी. ग्राउंड क्रिकेटला देईन, असा मी पालकांना आधीच शब्द देऊन बसलेय." तो म्हणाला, "समजलं मॅडम."

फोन खिशात टाकतोय तोवर अबरार आले. "हबीबी, एक बात बोलूँ? दो साल से हमारी पूरी टीम को किसी ने ऐसा दौड़ाया नहीं. हर शनिवार शाम हमारे ग्राउंड पे आ जाओ. साथ में प्रॅक्टिस, साथ में मॅच."

"हमारी टीम अगले साल नहीं रहेगी."

"स्कूल की नहीं रहेगी. लड़कियाँ तो रहेंगी ना?"

धनंजयच्या जिभेवर 'हो' आलं होतं. पूर्वी त्यानं ते म्हणून टाकलं असतं आणि मुलींना बसमध्ये नुसतं कळवलं असतं. शनिवार संध्याकाळ, शारजाचं ट्रॅफिक, अस्मीची बारावी, यम्नाचे वडील तिला परक्या मैदानावर सोडतील की नाही. यातलं त्याला काय ठाऊक होतं?

"पूछ के बताता हूँ," तो म्हणाला.

"किससे? प्रिन्सिपल से?"

"नहीं."

बसचं दार उघडं होतं, एसी चालू होता. आत कुणी बूट काढत होतं, कुणी नुसतंच खिडकीला डोकं टेकून. धनंजय पायरीवर चढला आणि ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. मॅडमचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, काही न गाळता. मग अबरारचं. मग म्हणाला, "मेरी राय मत पूछो. तुम लोग तय करो. मैं रुकता हूँ."

सगळ्या एकदम बोलायला लागल्या, हिंदीत, इंग्लिशमध्ये, मल्याळीत, एकमेकींना तोडत. अस्मी सीटवर उभी राहून ओरडली, "वन बाय वन, गाइज!" धनंजय खाली उतरला आणि बसच्या चाकाशी उभा राहिला.

ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "कितना टाइम, सर?"

"जितना लगे."