लेकीच्या अंगणातली कांदाचाळ

आमच्या घरामागे एक लाकडी खोली आहे. पाहुणे तिला कौतुकाने ‘कॉटेज’ म्हणतात. ‘अगदी वायनरीवर असते तशी हो!’ म्हणतात, फोटो काढतात आणि निघून जातात. त्यांचं काय जातंय! दर वर्षी मे महिन्यात तिच्या पत्र्याखाली वाकून वाळवी खरवडायला मी, खिळे ठोकायला मी आणि ‘उद्या येतो’ म्हणणाऱ्या सुताराला रोज फोन करायलाही मीच.

ही खोली माझ्या वडिलांची. त्यांना मी दादा म्हणते. दादा देवळ्याकडचे. जन्मभर त्यांनी कांदा पिकवला. आई गेल्यावर ते गावी एकटेच राहायचे, आणि त्यांची एकुलती एक लेक मी, इथे नाशिकला नोकरी करत रोज फोनवर ‘जेवलात का?’ विचारायचे. एक दिवस सकाळी ते न्हाणीत घसरून पडले आणि दुपारी शेजारीण डोकावली तोवर तिथेच ओल्यात पडून होते. हाड मोडलं नाही हे नशीब. तेव्हा मी ठरवलं, आता बस्स, यांना एकटं ठेवायचं नाही. पण दादांचं घोडं एकाच जागी अडलेलं.

“लेकीच्या घरात राहत नसतो माणूस. लोक काय म्हणतील? जावयाच्या दारात म्हातारपण काढलं?”

मी भांडले, रडले, चार दिवस अबोला धरला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसा हा माणूस! शेवटी तोड त्यांनीच काढली. गावची जुनी कांदाचाळ मोडली, तिचे सागाचे खांब आणि पट्ट्या टेम्पोत भरून आणल्या आणि आमच्या मागच्या अंगणात खोली उभी केली. लाकूड त्यांचं, म्हणून खोली त्यांची, म्हणजे ते लेकीच्या घरात राहत नाहीत. झालं! जेवणाचं ताटही तिकडेच न्यायचं. माझ्या हातची भाकरी चालते, माझं छप्पर चालत नाही. हा कुठला कायदा ते मला आजवर कळलेलं नाही. पण निदान डोळ्यांसमोर तरी आले, म्हणून मी तोंडाला कुलूप लावलं.

आता दादांना बांधता येते ती एकच गोष्ट, कांदाचाळ. चाळीत साठवलेल्या कांद्याला चहूबाजूंनी वारा लागावा म्हणून पट्ट्यांमध्ये दोन-दोन बोटांच्या फटी ठेवतात. यांनी खोलीलाही तशाच ठेवल्या. अहो, माणूस म्हणजे काय कांदा आहे? थंडीत आत बसलं की दात वाजायचे. पावसाची झड थेट अंथरुणावर.

“दादा, या फटी बुजवून घेऊ या.”

“हवा लागली नाय तर सडतं.”

“काय सडतं?”

“सगळंच.”

मग मात्र मी शहाणपणा केला. जूनच्या तोंडावर दादा नात्यातल्या एका लग्नासाठी चार दिवस गावी गेले, तेवढ्यात मी सुताराला बोलावलं आणि आतून चारही बाजूंनी प्लाय ठोकून घेतला. फटी बंद, वर पांढरा रंग, खाली रंगीत मॅट. दादा परत आले, भिंतीवरून एकदा हात फिरवला, “चकाचक केलंस” एवढंच म्हणाले आणि पलंगावर बसले. मला काय आनंद झाला! आमच्या ह्यांना म्हटलं, बघा, नुसतं विचारत बसलं तर कामं होत नसतात. ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली की यांना कुठे गप्प बसायचं ते बरोबर कळतं.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा! गणपती जाईस्तोवर खोलीला आंबूस वास सुटला. प्लाय पापडासारखा फुगला. एक तुकडा ओढून पाहिला तर मागे पांढरी बुरशी, आणि इकडे दादांना खोकला धरलेला. सुताराने मागच्या खांबात स्क्रू-ड्रायव्हर दाबला तर तो मुठीपर्यंत आत गेला.

“मॅडम, पाडून टाका,” तो चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाला. “स्लॅब टाका, पक्की खोली बांधा.”

प्लाय ठोकताना याची जीभ कुठे गेली होती कोण जाणे! आणि आता बोलायचंच होतं तर जरा हळू तरी बोलावं की नाही? दादा तिथेच खुर्चीत बसलेले. दहाव्या मिनिटाला ते पिशवी घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभे, उंबऱ्याच्या बाहेर.

“मी मना घर जास.”

रागावले किंवा हट्टाला पेटले की दादा अहिराणीवर येतात. मी हातातला पोळीचा गोळा परातीत टाकला.

“कुठलं घर? कोण आहे तिथे? परत न्हाणीत पडलात तर मला कधी कळणार, दुपारी की दुसऱ्या दिवशी? भीती वाटते मला दादा, भीती! कळतं का तुम्हाला?”

त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, “पक्की खोली तुझी व्हईल. माझी नाय.”

कपाळ माझं! म्हणजे हे कुजकं लाकूडच वाचवायचं, नाहीतर म्हातारा चालला गावाला. मी गॅस बंद केला, ओढणी कमरेला खोचली, माळ्यावरची पहार काढली आणि भरदुपारी मागे जाऊन प्लाय उचकटायला लागले. शेजारच्या काकू कंपाउंडवरून बघत होत्या. बघू देत! पहिला तुकडा काही केल्या निघेना. दादा पिशवी धरून मागे उभे होते. थोड्या वेळाने पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला.

“उलटी धरलीस,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सुतार पुन्हा आला. दादांनी खुर्चीत बसून त्याला राबवला. गाडीचा जॅक लावून छप्पर उचललं, खांबांचे कुजके पाय हातभर कापले आणि खाली घडीव दगड बसवले. मग दादांनी गॅरेजमधून जळकं ऑइल मागवलं आणि सगळ्या लाकडाला चोपडायला लावलं. वाळवीला हेच औषध म्हणे. वास असा की गल्लीतून जाणारे नाकाला रुमाल लावायचे.

काम चालू असताना झोपणार कुठे? पहिल्या रात्री दादा हट्टाने पोर्चमध्ये झोपले. पहाटे आडवातिडवा पाऊस आला तेव्हा गोधडी काखेत मारून हॉलमध्ये आले आणि दाराला अगदी खेटून आडवे झाले. “खोली व्हईपर्यंतच,” असं मला बजावूनही ठेवलं.

खोली चार दिवसांत झाली. दादा जाऊन वास घेऊन आले. “ऑइलचा वास हाय. डोकं धरतं.” बरं, म्हटलं मी. आठ दिवस गेले. ते ह्यांच्या शेजारी बसून टीव्हीवर कांद्याचे भाव ऐकायला आणि टीव्हीलाच शिव्या घालायला लागले. टेबलावर जेवायला लागले, वर भाजीत मीठ कमी आहे हेही सांगायला लागले. गोधडी दारापासून सरकत सरकत सोफ्यापाशी आली. मी रोज सकाळी विचारायचे, “गेला का वास?” दादा मागे जायचे, नाक वर करायचे, परत यायचे. “आजून शे.” अजून आहे म्हणे.

काल मी स्वतः जाऊन पाहिलं. वासाचा मागमूसही नाही. म्हणजे आता दादांनी हॉलमधली गोधडी उचलायला हवी. मग स्कूटर काढली, गॅरेजमधून जळक्या ऑइलचा डबा आणला आणि मागच्या भिंतीपासून सुरुवात केली. हात कोपरापर्यंत काळे, कुर्त्याची वाट लागली.

दादा चहाचा कप घेऊन दारात आले.

“काय करतीस?”

“दुसरा हात देतेय. एका हाताने काय होतंय!”

ते भिंतीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. चहाचा एक घोट घेतला.

“दारामागं राहिलंय बघ थोडं,” म्हणाले.