कापडाच्या खिडक्या आणि शामरावकाका

रात्रभर पडलेला पाऊस पडता पडता गोठला होता, आणि फेब्रुवारीतल्या त्या सकाळी टेक्सासमधल्या प्लेनो शहरात आमच्या गल्लीत झाडाच्या डहाळीपासून गवताच्या पात्यापर्यंत सगळ्यांवर काचेचे वेष्टण चढले होते. महामार्ग बंद, कचेऱ्या बंद. वारा आला की ओकच्या फांद्या किणकिणत, जणू दूर कुणी बांगड्या भरत आहे. त्या किणकिणाटातच फोन वाजला. दोन घरे पलीकडे राहणाऱ्या कौसल्याकाकूंचा आवाज नेहमीसारखाच शांत होता. ‘येऊन जाते का गं पोरी? हे उठून नाही राहिले.’

कुंपणांना धरत, घसरत मी पोहोचले. शामरावकाका कुशीवर निजले होते, एक हात गालाखाली. खोलीत निलगिरीच्या तेलाचा आणि इस्त्रीच्या कपड्यांचा मंद वास होता. काकू पलंगाच्या कडेला बसून त्यांच्या पायावरचे पांघरूण पुन्हापुन्हा नीट करत होत्या. रडल्या नव्हत्या. पांघरुणावरून हात फिरवत म्हणाल्या, ‘त्या दोन मार्चचं वाचायचं राहून गेलं ना यांचं...’

हे वाचणे म्हणजे काय, ते सांगायचे तर काकांचे टेक्सास सांगावे लागेल.

वर्धा नदीकाठच्या एका खेड्यातून नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, आणि तिथून या देशात रस्ते आखायला आलेले हे गृहस्थ. रस्त्याच्या वळणाला किती कल द्यावा म्हणजे भरधाव गाडी बाहेर फेकली जाणार नाही, याचे गणित ते आयुष्यभर करत राहिले. अशाच एका रस्त्याच्या पाहणीसाठी ते दक्षिणेला, ब्राझोस नदीच्या बाजूला गेले असताना दुपारच्या उन्हातून सावलीला म्हणून एका लाकडी घरात शिरले. टेक्सास मेक्सिकोपासून स्वतंत्र झाल्याची घोषणा १८३६ साली जिथे झाली, त्या घराची ती हुबेहूब प्रतिकृती. त्या लहानशा गावातल्या इतिहासप्रेमी मंडळींनी वर्गणी काढून उभारलेली. मूळ घर बांधून पुरे व्हायच्या आतच सभा भरली होती. खिडक्यांना काचा नव्हत्या, म्हणून चौकटींवर सुती कापड ताणून बसवले होते. बाहेर उत्तरेचा बोचरा वारा, पश्चिमेला सान अँटोनिओत मेक्सिकोच्या फौजेच्या वेढ्यात अडकलेली माणसे, आणि आत एक नवे गणराज्य कागदावर उतरवणारे हात.

भिंतीवर तो जाहीरनामा लावला होता. काका इंजिनिअरच्या शिस्तीने वरून खाली वाचत गेले, आणि एका तक्रारीपाशी थांबले. मेक्सिकोच्या सरकारने लोकांसाठी सार्वजनिक शिक्षणाची काहीही व्यवस्था केली नाही, असे तिथे लिहिले होते. राज्यापासून फुटून निघण्याच्या कारणांत शाळा! ‘मी दोनदा वाचलं,’ काका मला सांगत. ‘आमच्या गावच्या शाळेच्या भिंतीला माझ्या मायनं विटा वाहिल्या. शाळा नाही म्हणून सरकारशी भांडणारे लोक भेटले, तर मी त्यांना परके कसा म्हणू?’

पुढच्याच महिन्यापासून काका तिथे शनिवारचे हौशी मार्गदर्शक झाले. मी तेव्हा नुकतीच लग्न होऊन आले होते. मला गाडी चालवता येत नव्हती, आणि त्या सपाट, रुंद, माणूस न दिसणाऱ्या रस्त्यांनी माझे मन कोमेजून चालले होते. काकांनी ते ओळखले असावे. एका शनिवारी त्यांनी दारात गाडी उभी केली आणि हाक मारली, ‘चला कवयित्रीबाई. तुम्हा पुण्याच्या लोकांना वाटतं, सगळा इतिहास शनिवारवाड्यातच घडला. जरा बाहेर पडा.’ मागच्या सीटवर काकू, त्यांच्या मांडीवर भाकऱ्यांचा डबा आणि हालापेन्यो मिरच्यांचा ठेचा. चार तासांचा रस्ता; दोन्ही कडेला मार्चमध्ये निळ्या ल्युपिनच्या फुलांचे लोटच्या लोट.

काका सांगत तेव्हा इतिहास ऐकू येई. पाहुण्यांना ते डोळे मिटायला लावत आणि वाऱ्याने फडफडणारे खिडकीचे कापड नुसते ऐकवत. ‘आता धरून चला,’ ते म्हणत, ‘की सान अँटोनिओहून कुणीतरी घोडा फेकत आलंय, आणि त्याच्या हातातलं पत्र जुनं झालंय. ज्यांनी ते लिहिलं ते आता नाहीत. इथे बसलेल्यांना ते माहीत नाही.’ मग ते त्यानंतरच्या पळापळीत शिरत. मेक्सिकोची फौज मागे लागली म्हणून घरे पेटवून निघालेल्या बायका, न थांबणारा पाऊस, चिखलात रुतलेल्या गाड्या, नदीच्या उतारावर खोळंबलेली लेकरे. आणि शेवटी टेक्सासने जिंकलेली, खाडीकाठच्या कुरणातली, एवढ्या सगळ्या दुःखाच्या मानाने फारच थोडका वेळ चाललेली ती लढाई. हे सगळे खास नागपुरी वळणाच्या इंग्रजीत. एखादा पाहुणा कौतुकाने विचारी, तुम्ही मूळचे कुठले? काका गंभीरपणे सांगत, ‘प्लेनो.’

ते घर सांभाळणाऱ्या इतिहासप्रेमी मंडळाचा अध्यक्ष क्लाइड नावाचा एक वयस्क गुरेपालक होता. उंच, मोजके बोलणारा, टोपी डोक्याची नव्हे तर हाताची वस्तू असल्यासारखी फिरवत बसणारा. पहिल्यांदा काकूंनी ठेचा पुढे केला तेव्हा त्याने तो जामसारखा ब्रेडवर फासला, डोळे भरून येईपर्यंत खाल्ला, आणि एवढेच म्हणाला, ‘मॅडम, मेक्सिकोनं हे आणलं असतं तर आम्ही हरलो असतो.’ काकूंना मी ते मराठीत सांगितले, तर त्या पदराआड कितीतरी वेळ हसत राहिल्या. पुढे दर शनिवारी क्लाइडसाठी वेगळी डबी येऊ लागली.

दोन मार्च हा घोषणेचा दिवस. त्या दिवशी एक वक्ता जाहीरनामा वाची, लोक खुर्च्यांत बसून ऐकत, मग केक कापला जाई. पहिल्याच वर्षी वाचायचे काम काकांकडे आले. चौदा एप्रिलच्या सभांत आणि घरच्या बुद्धवंदनेत वाढलेला हा माणूस; कुठलाही मोलाचा मजकूर म्हणजे एकाने म्हणायचा आणि सगळ्यांनी उभे राहून मागून म्हणायचा, याखेरीज दुसरी रीत त्यांना ठाऊकच नव्हती. त्यांनी मेणबत्ती लावली, सगळ्यांना उभे राहायला सांगितले, पहिले अर्धे वाक्य म्हटले आणि थांबले. समोरचे टेक्सन गोंधळले. कुणी टोपी काढली, कुणी कार्यक्रमपत्रिका उलटीसुलटी करून पाहिली. तेवढ्यात काकूंनी, इंग्रजीचे एक अक्षर न कळता, ते अर्धे वाक्य खणखणीत मागून म्हटले... आणि मग सगळी खोली म्हणू लागली. कार्यक्रम संपल्यावर आपण काही वेगळे केले हे काकांच्या लक्षात आले आणि ते ओशाळले. क्लाइड म्हणाला, ‘इतकी वर्षं हे ऐकतोय. आज पहिल्यांदा तोंडात आलं.’ तेव्हापासून तिथे तीच प्रथा पडली.

दरवर्षी दाराच्या चौकटीला टेकून एक वृद्ध कृष्णवर्णी बाई उभ्या असत. मिस अर्लीन. गावातल्या चर्चमध्ये गाणाऱ्या. त्यांचे पूर्वज त्या गणराज्याच्याही आधी गुलाम म्हणून इथे आणले गेलेले. त्या येत, शेवटपर्यंत थांबत, पण त्यांचे ओठ हलत नसत. दोन वर्षांपूर्वी काकांनी त्यांना कारण विचारले. मी शेजारीच होते.

‘ही माणसं आत बोलत होती,’ त्या म्हणाल्या, ‘तेव्हा माझी माणसं बाहेर त्यांचे घोडे धरून उभी होती, मिस्टर शाम. त्यांच्याबद्दल आत जे ठरलं, ते तुम्ही वाचत नाही. मग मी काय म्हणू?’

 काकांना ते माहीत नव्हते असे नाही. त्याच दिवसांत, त्याच कापडाच्या खिडक्यांआड या गणराज्याची घटनाही लिहिली गेली होती. मेक्सिकोने गुलामगिरी बंद केली होती. या घटनेने ती पक्की केली. गुलाम म्हणून आणलेला माणूस गुलामच राहील, कायदेमंडळालाही त्याला सोडवता येणार नाही, आणि आफ्रिकी वंशाच्या मुक्त माणसालाही परवानगीवाचून या भूमीत घर करता येणार नाही. शाळेसाठी भांडणारे हात आणि हे लिहिणारे हात एकच. काकांच्या दिवाणखान्यात आपले संविधान एका चौरंगावर ठेवलेले असे. ते वाचत आणि जगत मोठ्या झालेल्या या माणसाने घटनेतले एखादे कलम विसरण्याजोगे मानणे शक्यच नव्हते.

गेल्या शरद ऋतूत त्यांनी क्लाइडला सांगितले की येत्या दोन मार्चला जाहीरनाम्यानंतर ते कलमही वाचायचे, सगळ्यांनी मागून म्हणायचे. क्लाइड टोपी फिरवत राहिला. लोक मुलाबाळांना घेऊन येतात, तो म्हणाला. वाढदिवसाला कुणी आईच्या चुका काढत नाही.

‘क्लाइड,’ काका म्हणाले, ‘घरातले सगळे वाढदिवसालाच तर येतात.’

क्लाइडने मान हलवली. मंडळ कबूल होणार नाही, आणि काकांनी हट्टच धरला तर वाचायला दुसरे कुणी पाहावे लागेल, असे त्याने खाली बघत सांगितले. त्या दिवशी ठेच्याची डबी तशीच परत आली. काकांना ते घर अतिशय प्रिय होते. तिथल्या फरशीची कुठली फळी करकरते, कुठल्या कोपऱ्यात दुपारी पाइनचा वास दाटतो, हे त्यांना पाठ होते. मी म्हटले, काका, वाचन सोडा, पण घर तरी सोडू नका. ते म्हणाले, ‘घर सोडायचं नाही. आणि अर्धं दाखवायचंही नाही. आता क्लाइडनं ठरवायचं.’ त्या हिवाळ्यात त्यांचे हृदय थकत चालले होते. डॉक्टरांनी प्रवास बंद केला. तरी फोन वाजला की काका आधी काकूंकडे बघत, क्लाइड आहे का म्हणून... क्लाइडचा फोन आला नाही. मग तो गारठलेला पाऊस आला.

दोन मार्चला आम्ही दोघी गेलो. काकू पांढरे लुगडे नेसल्या होत्या. निळी फुले यंदा उशिरा होती. रस्त्याकडेला नुसती हिरवळ. घर माणसांनी भरलेले होते. क्लाइड दारापर्यंत सामोरा आला, टोपी छातीशी धरून काकूंसमोर उभा राहिला, आणि मला म्हणाला, यांना विचार, यांची काय इच्छा आहे. मी विचारले. काकूंनी वेळ घेतला नाही.

‘सांग त्याला. हे जे वाचणार होते ते वाचत असशील तर वाच. नसशील तर आज काहीच वाचू नको. आम्ही बसून, पाणी पिऊन निघून जाऊ. अर्धं ऐकायला नाही आलो आम्ही.’

मी शब्दशः सांगितले. क्लाइडने ऐकले, पुढे जाऊन मेणबत्ती लावली. काडी दोनदा विझली. जाहीरनामा तो जाडसर, थबकत्या आवाजात म्हणत गेला, आणि खोली त्याच्या मागून म्हणत गेली. शाळेच्या तक्रारीपाशी काकूंनी माझा हात दाबला. तो शब्द त्यांना ओळखू येत होता. जाहीरनामा संपला. लोक बसायला लागले. ‘उभेच राहा,’ क्लाइड म्हणाला, आणि खिशातून चष्मा काढून त्याने घटनेचे ते कलम वाचायला घेतले. पहिल्या तुकड्याला सवयीने आवाज उठले. मग शब्दांचा अर्थ पोहोचला, आणि आवाज एकेक करून गळू लागले. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ जमिनीकडे पाहू लागले. एका आईने मुलाला जवळ घेतले. क्लाइड दुसरा तुकडा म्हणून थांबला. खोलीत नुसते कापड फडफडत होते.

आणि माझ्या शेजारून खणखणीत आवाज आला. काकू. पाली असो की इंग्रजी, एकाने म्हटले की मागून म्हणायचे, वाक्य अर्ध्यावर सोडायचे नाही, एवढे त्यांना पक्के ठाऊक. आपण काय म्हणतो आहोत हे न कळता त्यांनी तो तुकडा स्पष्ट, पूर्ण म्हटला. तो संपायच्या आत दाराकडून दुसरा आवाज त्यांच्या आवाजात मिसळला. खोल, गायला सरावलेला. मिस अर्लीन म्हणत होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिसऱ्या तुकड्याला दोघी होत्या. चौथ्याला पुढच्या रांगेतले गृहस्थही, खाली बघतच. कलम संपले तेव्हा बहुतेक खोली म्हणत होती. दोन कुटुंबे मात्र उठून गेली होती, तेही सांगायला हवे. टाळ्या झाल्या नाहीत. क्लाइडने चष्मा पुसला आणि तो बराच वेळ पुसतच राहिला.

परतताना गाडी मीच चालवत होते; एव्हाना शिकले होते. काकू मागे नव्हे तर पुढे, माझ्या शेजारी. बऱ्याच मैलांनंतर त्यांनी विचारले, ‘ते शेवटचं, यांना वाचायचं होतं ते, नेमकं काय म्हटलं गं मी? अर्लीनबाईनं माझे दोन्ही हात धरले, पण अर्थ नाही सांगितला.’

मी मराठीत सांगू लागले. गुलाम म्हणून आणलेला माणूस गुलामच राहील, मी म्हटले. काकू हलकेच म्हणाल्या, गुलाम म्हणून आणलेला माणूस गुलामच राहील. मी थांबले. त्याही थांबल्या, माझ्याकडे न बघता, पुढच्या रस्त्याकडे बघत. मी पुढचा तुकडा म्हटला. त्यांनी मागून म्हटला. कलम पुरे झाले तेव्हा बाहेरचे ऊन पिवळे होत चालले होते.

‘मग हे खोडलं कधी?’ त्यांनी विचारले.

‘फार वर्षांनी, काकू. मोठं युद्ध झालं, त्यानंतर.’

‘हं...’ त्यांनी सीटवर पाठ टेकली. ‘न कळता म्हटलं मी सगळं. आता कळून म्हणते. पहिल्यापासून सांग बरं.’

मी पहिल्यापासून सांगू लागले.