केवड्याचा वास सांगणारा काळूराम

सत्यवतीची भट्टी खाडीच्या बांधाला लागून होती. बांधापलीकडे केवड्याचं दाट बन. श्रावण लागला की ती पहाटेच तिथं जाऊन पिवळटसर कणसं कापून आणायची. हातांना काटे ओरखडायचे, पण उन्हं वर आली की फुलाचा जीव जातो, असं ती म्हणायची.

हे काम तिला मुरुडच्या हमीदचाचांनी शिकवलं होतं. तांब्याच्या हंड्यात फुलं आणि पाणी घालायचं, झाकणाच्या कडा ओल्या मातीनं बंद करायच्या आणि मंद जाळ लावायचा. वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या भांड्यात उतरायची. ते भांडं गार पाण्यात ठेवलेलं, आत चंदनाचं तेल. रोज ताजी फुलं, रोज तोच जाळ. हळूहळू केवडा तेलात मुरायचा आणि वाफेचं पाणी खालून काढून टाकलं की वर अत्तर उरायचं.

तिचा नवरा काळूराम आयुष्यभर ट्रक चालवायचा. निघताना ती त्याच्या कानात अत्तराचा फाया ठेवायची आणि तो पहिल्याच वळणावर काढून टाकायचा. बाकीचे ड्रायव्हर हसतात म्हणून.

मग एका वर्षी सत्यवतीला ताप आला. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. एका दुपारी हंड्यातलं पाणी आटून फुलं करपली, धूर बांधापर्यंत गेला, तरी ती शेजारी शांत बसून होती. काळूराम धावत आला तेव्हा तिला कळलं. तिनं हंडा घासून माळ्यावर टाकला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. दोन पावसाळे गेले, आला नाही.

पुढच्या श्रावणात, तोवर ट्रक विकून घरी बसलेला काळूराम, एकदा उजाडायच्या आत कुठेतरी गेला. परतला तो कणसांची मोळी घेऊन. दोन्ही हात रक्ताळलेले. त्यानं स्वतःच हंडा खाली काढला.

"तू जाळ बग," तो म्हणाला. "वास मी सांगतो."

डिझेल आणि सुकटीपलीकडे याला काय कळणार, असं तिला वाटलं. तरी तिनं माती मळली. भांड्यात वाफ उतरू लागली तसा तो डोळे मिटून वाकला.

"कसा हाय?"

त्यानं पुन्हा एक लांब श्वास ओढला. मग म्हणाला, "वला."

तिला हसू आलं. पण रोज त्याला नवं काही सापडत गेलं. एकदा म्हणाला, नारळ नुकता फोडल्यासारखा. एकदा, गणपतीच्या खोलीचं दार उघडल्यासारखा. तो बोलायचा आणि ती डोळे मिटून ऐकायची. ऐकता ऐकता तिच्या आत बन हलायचं, खाडीवर धुकं उतरायचं. एका सकाळी तो वाकला आणि तसाच थांबला.

"आपल्या लग्नाच्या टेंपोत तू शेजारी बसलीस, तवा आलेला," तो म्हणाला. "तोच."

तिनं जाळ ओढून घेतला. अत्तर तयार झालं होतं.

आता ती दरवर्षी करते. नागावच्या बाया पूजेला नेतात, अलिबागच्या अमिषाबेननं तर लेकीच्या रुखवतात ठेवलं. सत्यवतीला वास अजून येत नाही. कधीतरी स्वप्नात येतो, तेवढाच.

मागच्या हिवाळ्यात दोघं भाचीच्या घरी निघाली होती. दिघीहून फेरीबोट सुटली. सत्यवतीनं बाटली काढून मनगटाला लावली. सोबत आलेल्या नेत्रानं, दुसऱ्या भाचीनं, विचारलं की मावशी, तुला येत नाही, मग लावतेस कशाला?

"लोक सोताला वास यावा म्हणून लावतात व्हय?" ती म्हणाली. "आपन आलो हे दुसऱ्याला कलावं म्हणून लावायचं."

खाडीवर वारा होता. काळूराम कठड्याशी उभा होता. तो आत आला आणि तिच्या बाजूला, अगदी खेटून बसला.