ढगातली चहाडी

प्रभूच्या दुसऱ्या येण्याच्या वेळी मी माझ्या बायकोची चहाडी केली. चूक सर्वस्वी माझी, म्हणून ती आधीच कबूल करून टाकतो. (प्रभू आला नव्हता, ही गोष्ट वेगळी. चहाडी झाली ती झालीच.)

आम्ही मूळचे नगरचे. मस्कतला अल् घुब्रामध्ये मी, बायको करुणा आणि नववीतली मुलगी रिबेका असे भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. मी एसी दुरुस्तीचं काम बघतो. शुक्रवारी सकाळी आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीचा अभ्यासवर्ग भरतो, आणि तिथे शेवटच्या काळाची चिन्हं फळ्यावर काढून समजवायचं काम माझ्याकडे आहे. तुतारी वाजेल, प्रभू ढगांतून येईल, तयार असलेल्यांना वर उचलून नेईल आणि बाकीचे मागे राहतील, असं आम्ही मानतो. त्यामुळे घरातही तयारीत राहायची सवय लागली. गाडीची टाकी कायम फुल! ("बाबा, वर जायला पेट्रोल लागतं?" असं रिबेकाने एकदा विचारलं. मी तिला वचन पाठ करायला बसवलं.) आणि एका महिन्यापलीकडचं काहीही ठरवायचं नाही, हा माझा नियम.

"हॉलच्या पडद्यांचं काय?" करुणा विचारायची.

"अगं, दिवस किती उरलेत? आणि तुला पडदे सुचतात?"

"समोरच्या बिल्डिंगमधला तो माणूस बनियनवर जोर काढतो. प्रभू येईपर्यंत मी त्यालाच बघत बसू?"

खरं सांगतो, मला तिची मनापासून काळजी वाटायची. खालच्या मजल्यावर रत्नागिरीकडच्या खदीजाआपा राहतात, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. करुणा ऐन अभ्यासवर्गाच्या वेळेला त्यांचा डबा घेऊन जायची आणि त्यांची वेणीफणी करून दुपारी परतायची. रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत तर मी 'आमेन'पर्यंत पोचायच्या आत ती घोरायला लागायची! (माझी प्रार्थना चाळीस मिनिटांची असते.)

जुलैत ओमानच्या दक्षिण टोकाला, सलालाला जायचं मायलेकींनी ठरवलं. इकडे मस्कत भाजून निघत असताना तिकडे खरीफचा मोसम असतो: थंडी, भुरभूर आणि डोंगरावर उतरलेले ढग. करुणा मे महिन्यातच म्हणाली, "हॉटेल बुक करा हो."

"आत्तापासून? जुलै कोणी पाहिलाय?"

जुलै वेळेवर आला. हजार किलोमीटर वाळवंट कापून संध्याकाळी सलालात पोचलो, तर अख्ख्या गावात एक खोली रिकामी नाही. शेवटच्या हॉटेलातला माणूस मला धीर देत म्हणाला, "इन्शाल्ला, सप्टेंबर." आम्ही डोंगरावर गेलो आणि सहलीला आलेल्या लोकांच्या गाड्यांशेजारी आमची गाडी लावून गाडीतच झोपलो.

सकाळी जाग आली तेव्हा गाडीत मी एकटाच होतो. आणि बाहेर काहीच नव्हतं!

रस्ता नाही, डोंगर नाही, नुसतं पांढरं. थंडी वाजत होती म्हणून मी पांढरी चादर अंगाभोवती गुंडाळून अनवाणी खाली उतरलो. पायाखाली ओलं, मऊ गवत लागलं. कितीतरी वर्षांत मी गवतावर पाय ठेवला नव्हता. ढग माझ्या गळ्याशी येत होता, बोटांमधून जात होता. अंगाला वजनच उरलं नव्हतं. एवढ्यात दुरून एक लांबलचक तुतारी ऐकू आली. (ट्रक होता. हे नंतर कळलं.) पांढऱ्यातून उंच मानेची, ओल्या पापण्यांची चार तोंडं शांतपणे उमटली आणि माझ्याकडे बघून, पावलांचा आवाज न करता परत ढगात विरघळली. उंट सलालात असतात हे मला ठाऊक होतं. पण त्या घडीला मला सलालाच आठवत नव्हतं.

मी गुडघे टेकले. "आलो, प्रभू," म्हणालो. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मग इकडेतिकडे पाहिलं. करुणा नव्हती. आणि सांगायला लाज वाटते, पण मला नवल वाटलं नाही!

"करुणा राहिली वाटतं," मी म्हणालो. "मला अंदाज होताच, प्रभू. बाई वाईट नाही, पण निष्काळजी. अभ्यासवर्ग बुडवते. प्रार्थनेत घोरते. मन सगळं पडद्यांत."

"अजून काही?" ढगातून आवाज आला.

आवाज बाईचा होता. वर चौकशीच्या खिडकीवर बाई बसवली असेल, असं मी धरून चाललो.

"वर्षभराची शास्त्रवाचनाची योजना तिने मार्चमध्येच सोडली," मी म्हणालो.

"आणि तुमचं?"

"माझं सगळं व्यवस्थित आहे."

धुकं जरासं हललं. तीन पावलांवर करुणा उभी होती, हातात चहाचे दोन कागदी कप. तिच्यामागे रिबेका तोंडावर हात दाबून हसत होती. शेजारच्या ओमानी कुटुंबाला आमच्या दशम्या देऊन दोघी चहा घेऊन आल्या होत्या.

"घ्या," करुणा म्हणाली. "मागे राहिलेल्या बाईने आणलाय."

"बाबा," रिबेका म्हणाली, "तुम्ही मम्माची कम्प्लेंट केली? डायरेक्ट गॉडकडे?"

परतीच्या हजार किलोमीटरमध्ये करुणा एकदाच बोलली. वाटेतल्या हैमा गावाच्या पेट्रोलपंपावर (टाकी फुल करताना) ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला ठेवून गेलात, त्याचं काही नाही. पण एकदा मागे वळून हाकसुद्धा मारली नाहीत हो."

तिचे डोळे भरले होते. मी फळ्यावर इतकी चिन्हं काढली, पण हे चिन्ह मला आजवर कधी दिसलं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी अभ्यासवर्ग बुडवला आणि खदीजाआपांचा डबा मी घेऊन गेलो. दार उघडताच त्या म्हणाल्या, "या! वर जाऊन आलात म्हणे? आमच्या गुडघ्याचं काय इचारलंत का तिथे?"

"नाही, आपा."

"करुणा असती तर तिनं आधी तेच इचारलं असतं."

मी तसाच वर आलो, स्टूल घेतलं आणि टेपने हॉलची खिडकी मोजायला लागलो. समोरचा माणूस जोर काढत होता. (खरंच बघवत नाही!) करुणा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"काय चाललंय?"

"पडदे," मी स्टुलावरूनच म्हणालो. "आणि पुढच्या जुलैचं हॉटेल बुक केलं. करुणा, मी चुकलो. मी तुला हाक मारायला हवी होती. तू नसताना मला तिथे बरं वाटलं, याची मला फार लाज वाटते."

ती टेपचं दुसरं टोक धरायला पुढे आली.

"आणि जुलैच्या आत प्रभू आला तर?"

"तर तू रिबेकाला घेऊन पुढे हो. मी मागे राहून बुकिंग कॅन्सल करतो."

"मग तुम्हाला वर कोण घेणार?"

"तू सांगशील ना माझ्याबद्दल दोन शब्द?" मी म्हणालो. "फक्त, मी तुझ्याबद्दल सांगितले तसले नकोत."