खंडेनवमीला बंद केलेला सर्व्हर

माझ्या फुशारकीची किंमत दादांनी मोजली, हे आधीच सांगून टाकतो. दादा म्हणजे माझे वडील. दोन वर्षांखाली माय गेली, तेव्हा मी त्यांना पेडगावहून परभणीला माझ्याकडं आणलं.

मी कॉम्प्युटर शिकवतो. कॉलेजनं भंगारात काढलेला एक छोटा डेस्कटॉप घरी आणला, त्यावर लिनक्स टाकलं आणि त्याचा सर्व्हर केला. म्हणजे रात्रंदिवस चालू राहणारं, घरातला कुठलाही मोबाईल मागेल ते देणारं मशीन. त्यात आमचे फोटो होते, शेताचे कागद होते, आणि मायचा आवाज होता. मायला लिहिता येत नव्हतं. ती मोबाईलवर बोलून निरोप पाठवायची. "आरं, जेवलास का? तुझे दादा गोळ्या नको म्हणायलेत, तूच बोल जरा." मागं दादांचं पुटपुटणंही ऐकू यायचं. असे साठ-सत्तर निरोप. जुने फोन बिघडल्यावर ते फक्त या सर्व्हरवरच उरले होते.

दादांच्या मोबाईलवर मायच्या फोटोला बोट लावलं की सर्व्हरवरून एकेक निरोप वाजायचा. दुपारच्या चहानंतर ते रोज ऐकायचे. गोळ्यांचा निरोप आला की "घेतो गं, घेतो" म्हणायचे आणि खरंच घ्यायचे. मला भरून यायचं, आणि अभिमानही वाटायचा, खोटं कशाला बोलू! निरोप सरळ त्यांच्या फोनमध्ये टाकले असते तरी भागलं असतं. पण मला सर्व्हरची हौस. दीड वर्ष एकदाही बंद पडला नाही, हे येईल त्याला ऐकवायचो. जुन्या डिस्कचा भरवसा धरू नका, दुसरी प्रत काढून ठेवा, असं वर्गात पोरांना शिकवायचो. माझी प्रत मात्र आज करू, उद्या करू. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

खंडेनवमीला झेंडूची फुलं घेऊन घरी आलो, तर दादांनी पाटावर विळा, खुरपं, पाना मांडलेला. शेजारी ते मशीन. ओल्या फडक्यानं पुसलेलं, कुंकू लावलेलं, वायर नीट गुंडाळून ठेवलेली.

"हे कुणी बंद केलं?"

"म्या. बैलालाबी पोळ्याला सोडतेत. हे बिचारं दीड साल झालं राबायलंय. एक दिवस इसावा घेऊ दे की."

त्या दिवशी अवजाराला काम सांगायचं नाही, हा आमच्या घरचा रिवाज. मी हसलो आणि राहू दिलं.

दसऱ्याला सकाळी वायर जोडली. आतून नुसतं टक, टक, टक. फिरत होती तोवर ती डिस्क फिरली. एकदा थांबली ती पुन्हा उठलीच नाही. माझी जीभ सुटली. "कळत नाही त्याला हात कशाला लावता? घालवलं ना सगळं!" त्या दिवशी दादांनी गोळीही घेतली नाही.

डिस्क दुरुस्तीवाल्याकडं दिली, त्यानं ती पुण्याला पाठवली. पंधरा दिवस दादा रोज विचारायचे, "आली का रे?" शेवटी आली. आतल्या तबकड्या खरवडून निघाल्या होत्या. त्यातून काहीच मिळणार नव्हतं.

संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून सांगितलं. "दादा, मायचा आवाज गेला. चूक माझी आहे. डिस्क आज ना उद्या जाणारच होती, प्रत मी काढली नाही."

त्यांनी मोबाईलवर मायच्या फोटोला एकदा बोट लावून पाहिलं. मग म्हणाले, "तुझ्या मायलाबी मीच म्हणलो व्हतो. त्या दिशी कापूस वेचायला निघाली व्हती. म्हणलं, लय थकलीस, आज पडून ऱ्हा. माझं ऐकून पडली. दुपारी उठवाया गेलो, तर…"

आम्हाला इतकंच माहीत होतं, की माय झोपेत गेली. हे त्यांनी दोन वर्षांत कुणाजवळ काढलं नव्हतं. आणि त्या माणसावर मी ओरडलो होतो, घालवलं म्हणून. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

मी त्यांचे पाय धरले. "तुमच्यामुळं काही झालं नाही दादा, तेही नाही न् हेही नाही," असं दोन-तीनदा म्हणालो. त्यांनी मान डोलावली, ती माझं मन राखायला. त्यांना पटलं नव्हतं.